गालावरचा डाग

माझ्या नणंदेला सगळे ताई म्हणतात आणि सगळे टरकून असतात. जुन्या चित्रांची डागडुजी करण्यात त्यांचा जन्म गेला. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, ऊन येत नाही अशा खोलीत त्यांचं टेबल. तिथे कुणी चहाचा कप नेला तर बाई अंगावर धावून येतात. "जे परत काढता येणार नाही ते चित्राला लावायचं नाही," हा त्यांचा कायदा. हाताखालच्या बाईनं एकदा फाटक्या नकाशाला चिकटपट्टी लावली, तर ताईंनी सगळी इमारत डोक्यावर घेतली होती.

त्यांच्याच घरात माझ्या सासूबाईंचं एक चित्र होतं, कोळशानं काढलेलं. फोटो एकही नाही, काय ते हेच. सासूबाई गेल्या तेव्हा ताई शाळेत होत्या आणि आमचे हे पाळण्यात. चित्र कपाटात असायचं. वर्षातून एकदा बाहेर निघायचं, तेही लांबून बघायला. "कोळसा आहे, बोट लागलं तरी जाईल." बरोबर आहे हो! पण सख्ख्या मुलानं आईसमोर हात मागे बांधून उभं राहायचं? मला तेव्हाही चीड यायची.

गेल्या महिन्यात ताईंच्या भिंतीला ओल आली, म्हणून चित्र आमच्याकडे आलं. सोबत सूचनांची सरबत्ती. ह्यांनी मुकाट मान डोलावली. मग मी माहेरी गेलेली बघून ह्यांनी ते चौकटीतून काढलं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं आणि लॅमिनेट करून आणलं. परत आल्यावर बघितलं तर माझं डोकंच फिरलं. "अहो, शुद्धीवर आहात का?" तर म्हणतात, "आता शंभर वर्षं काही होत नाही."

ताई चित्र न्यायला आल्या तेव्हा ह्यांनी ते ट्रेसारखं दोन्ही हातांनी पुढे केलं. ताईंनी त्यावरून नख फिरवलं.

"काय केलंस हे?"

"प्लॅस्टिक नको असेल तर सोलून काढू की."

"मूर्खा, प्लॅस्टिकबरोबर आई सोलून निघेल! सगळा कोळसा त्याला चिकटलाय." मग त्यांनी चित्र खिडकीशी नेलं आणि त्यांचा आवाज चिरकला. "आणि गालावरचं काय झालं?"

"काळा डाग पडला होता ना? तो मी आधी खोडरबरानं काढला. अगदी हलक्या हातानं."

"तीळ होता तो! आईचा तीळ होता, गाढवा!"

हे पांढरेफटक पडले. आणि मग कधी नव्हे ते बहिणीवर ओरडले, "मला कसं कळणार? कधी सांगितलंस? कागद जप, काच जप, हात लावू नकोस! आई कशी होती ते एकदा तरी बोललीस? मला फक्त तिला हात लावायचा होता. म्हणून केलं लॅमिनेट. झालं समाधान?"

मी मध्ये पडले नाही. कुणाची बाजू घेणार? दोघांच्याही एकेक ठेवून द्यावी असं वाटत होतं.

 ताईंनी पर्समधून काळं मार्कर काढलं आणि त्या प्लॅस्टिकवर, उजव्या गालावर, एक ठिपका दिला. आयुष्यात दुसऱ्याच्या चित्रावर एक रेघ न ओढलेली बाई!

"पुसता येतो," माझ्याकडे बघून फणकाऱ्यानं म्हणाल्या.

ह्यांनी हळूच त्या ठिपक्याशेजारी बोट टेकवलं. "इथेच होता?"

"इथेच. मी तिच्या कुशीत झोपायचे ना, तेव्हा त्या तिळावर बोट ठेवल्याशिवाय मला झोप यायची नाही. ती हसायची, म्हणायची, चल, बटण दाबलंस, दिवा बंद झाला."

हे लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. आणि मला ताईंचा असा संताप आला म्हणून सांगू! एवढी वर्षं कागद सांभाळला बाईनं, आणि हे सांगायला आज तोंड उघडलं.