पट्टा काढा म्हणणारे डॉक्टर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, सूर्य कासराभर वर आला असताना, आपल्या गावच्या म्युनिसिपल कमिटीच्या माणसांनी सरूबाई माळणीच्या दारात तिच्या भुऱ्या कुत्र्याला विष घालून मारले. कुत्रा पिसाळलेला नव्हता. बेवारशी नव्हता. त्या दिवशी त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. पट्टा दारातल्या खुंटीवर टांगलेला होता, कमिटीच्या बिल्ल्यासकट. तो तिथे का होता हे सांगायचे, तर ज्याने तो गळ्यातून काढला त्या माणसाबद्दल लिहावे लागेल. अन्याय कुत्र्यावर झाला, सरूबाईवर झाला. त्या माणसावरही झाला, आणि त्याबद्दल गावात कुणी ब्र काढत नाही.

आपण सगळे त्यांना कानवाले डॉक्टर म्हणायचो. ढोरांच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. मूळचे अकोटचे, मुसलमान घरातले, मुंबईला शिकून आलेले. दिवसभर बैल, म्हशी, टांग्याची घोडी. संध्याकाळी घराच्या ओसरीवर कुत्री-मांजरे, आणि हे काम सरकारने सांगितलेले नव्हते. जनावर समोर आले की डॉक्टर आधी त्याचा कान उलटा करून नाक आत नेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येई, दुसऱ्यांदा किळस. डॉक्टरांना दोन्हीचे काही वाटत नसे. "आंबूस वास आला तं कानात ओल धरली," ते सांगत. "सडका आला तं पू झाला. वासच नाई आन् कुत्रं खाजवून राहिलं, तं किडा हाये, डोयाले न दिसनारा." वास घेतल्याशिवाय त्यांनी कधी औषधाच्या बाटलीला हात लावला नाही.

स्वभाव मात्र गोड नव्हता. आमच्या घरच्या काळूचा कान वाहू लागला, तेव्हा माझ्या आईने लसूण टाकून कढवलेले तेल त्यात ओतले आणि मग त्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी कान हुंगला, आईकडे पाहिले आणि म्हणाले, "मायबाई, कुत्र्याच्या कानात भजे तळून राहिल्या काय?" आई चांगलीच रागावली. "आमच्या घरी माणसाच्या कानातही हेच घालतात," ती म्हणाली. "मंग माणसायचंही आनत जा माह्याकडे," डॉक्टर म्हणाले, आणि बोटाला कापूस गुंडाळून काळूचा कान बोरिकच्या कोमट पाण्याने पुसू लागले. काडी वापरू देत नसत. कुत्रा चावत असतानाही त्यांचे बोट हळूच चालायचे. राग सगळा मालकांसाठी राखून ठेवलेला.

त्यांचे खरे वैर होते काळ्या तेलाशी. कुत्र्याला खरूज झाली की आपल्याकडे लोक सरकी-कापसाच्या जिनात जातात आणि इंजिनाचे जळालेले तेल मागून आणतात. ते अंगभर फासतात. खाज काही दिवस थांबते, कारण कातडीच भाजून निघते. मग कुत्रा अंग चाटतो आणि ते तेल पोटात जाते. डॉक्टर स्वतः जिनाच्या फाटकापाशी जाऊन इंजिनवाल्याशी भांडले होते. "तुह्या इंजिनाले खरूज झाली तं मी माह्यं औषध देतो, पन तुह्यं तेल कुत्र्याले देऊ नको!" त्यांचे औषध म्हणजे करंजाच्या तेलात खललेला गंधक. लावलेला कुत्रा पिवळाजर्द दिसे आणि लांबून घमघमे.

मी देशाच्या आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर पत्रके काढतो. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो अशाच एका पत्रकावर सही मागायला. त्यांनी पत्रक उभ्यानेच वाचले. "देश हाये, कास्तकार हाये, बैलही हाये," ते म्हणाले. "कुत्रं कुठी हाये?" मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, मोठे प्रश्न आधी. त्यांनी पत्रक माझ्या हातात परत दिले. "ज्याले बोलता येत नाई त्याचा प्रश्न लहान, असं कोनी ठरोलं?" सही केली नाही. पण दुसऱ्या दिवशी मला बोलावून चहा पाजला आणि पत्रकाच्या भाषेत किती फापटपसारा आहे ते सांगितले. तेव्हापासून मी कमी शब्दांत लिहायला शिकतो आहे.

आता भुऱ्याकडे येतो. सरूबाईचा फुलांचा मळा नदीच्या काठाला आहे. रानडुकरांपासून तो राखायचे काम भुऱ्याचे. कमिटीचा नियम असा की पाळीव कुत्र्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा आणि त्याला बिल्ला पाहिजे. नसेल तो कुत्रा बेवारशी, आणि बेवारशी कुत्र्याला विष. नियम करणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार केला नव्हता. आषाढ-श्रावणात चामडे भिजते, वाळत नाही, आणि त्याच्याखाली मान चिघळते. भुऱ्याची मान पट्ट्याभोवती सोलून निघाली होती. माश्या बसत होत्या. डॉक्टरांनी पट्टा कापून दूर केला. सरूबाई घाबरली. "डाक्टरसाब, कमिटीवाले मारतीन ना त्याले!" डॉक्टर तिच्यावर ओरडलेच. "पट्टा ठेवशीन तं पट्टाच मारीन त्याले. छातीभवती दोर घालून दाराच्या आत बांध. पट्टा खुंटीले टांग, कोनी आलं तं दाखव."

तिने तसेच केले. मान सुकत आली. करीच्या सकाळी कमिटीची माणसे आली ती कुचल्याच्या विषारी गोळ्या पुरणपोळीत घालून. एक पोळी त्यांनी दारातून आत भुऱ्यापुढे टाकली. सणाच्या शिळ्या पोळीला कोणते कुत्रे नाही म्हणेल? सरूबाई खुंटीवरचा पट्टा काढून हातात नाचवत धावली. "हा पाहा बिल्ला! इलाजासाठी काढला हाये!" त्यांच्यातला एक म्हणाला, "पट्टा गळ्यात पाहिजे, बाई. खुंटी थोडीच भुंकते?" आणि ते हसले. पोळी तोवर भुऱ्याने गिळली होती.

निरोप मिळताच डॉक्टर आले. मीही पोचलो. करायचे काही उरले नव्हते. ते भुऱ्याजवळ खाली बसले आणि त्याच्या मानेवरून अंगठा फिरवत राहिले. जखम भरली होती. गुलाबी कातडीवर बारीक लव फुटली होती. "केस येऊन राहिले होते," ते म्हणाले. सरूबाईने हातातला पट्टा परत खुंटीला टांगला. ती शिव्या देती तर बरे झाले असते, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

ते तिथूनच कमिटीच्या कचेरीत गेले. त्यांचे मागणे साधे होते: माझ्या इलाजातला कुत्रा गंधकाने पिवळा असतो, पिवळ्या कुत्र्याला सोडा. सेक्रेटरी म्हणाले, "उद्या सगळे गाव कुत्र्याला हळद फासेल. आम्ही ओळखायचे कसे?" डॉक्टर म्हणाले, "वास घ्या ना, साहेब." कचेरीत हशा पिकला. डॉक्टर हसवायला बोलले नव्हते. रोज जे ते स्वतः करत होते, तेच त्यांनी सांगितले होते.

त्यानंतर ओसरीवर कुत्री येत राहिली, पण पट्ट्यासकट. किराणा दुकानदाराने सरळ सांगितले, "डॉक्टरसाहेब, औषध वरूनच लावा. पट्टा काढायचा नाही. भुऱ्याचे काय झाले ते पाहिले आम्ही." आणि डॉक्टरांनी वरूनच लावले. आईवर, इंजिनवाल्यावर, सरूबाईवर ओरडणारे डॉक्टर त्या दुकानदारापुढे गप्प बसले. त्याच्या कुत्र्याच्या पट्ट्याखालून पू येताना मी पाहिला. दुकानदार गेल्यावर मी म्हणालो, "सांगा ना त्याला काढायला. तुम्हालाच सांगता येईल."

"कोन्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले. "काढा म्हनलं तं कमिटी मारते. ठेवा म्हनलं तं मी मारतो."

दिवाळीनंतर त्यांची परतवाड्याला बदली झाली. रिवाजाची बदली, असे सांगतात. असेल. मोटारस्टँडवर पोचवायला मी होतो, आणि फुलांची पाटी घरी ठेवून सरूबाई आली होती. तिने डॉक्टरांच्या हातावर एक गजरा ठेवला, डॉक्टरीणबाईंसाठी. डॉक्टर तिला पुन्हा पाळायचा आग्रह करत म्हणाले, "बाई, दुसरं कुत्रं पाय." ती म्हणाली, "तुमी इथं असते तं पायलं असतं." मोटार सुरू झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. "पत्रक काढशीनच तू. माह्यं नाव टाकू नको. कुत्र्यायचं लिही." म्हणून या लेखात त्यांचे नाव नाही.

गावात आता ढोरांचे नवे डॉक्टर आहेत. ओसरीवर कुत्री येत नाहीत. पुढचा पावसाळा येईल, चामडे भिजेल, माना सडतील, आणि सोडवायला कुणी धजणार नाही.

वाचकहो, हळहळू नका, त्याचा उपयोग नाही. कमिटीवर बसलेली माणसे तुमच्या मतांवर बसलेली आहेत. तुमच्या वॉर्डाच्या मेंबराला आज दारात बोलवा आणि विचारा: इलाजासाठी पट्टा काढलेल्या कुत्र्याला जगू देणारा ठराव येत्या सभेत मांडणार की नाही? "पाहू" म्हणाला तर दारातून हलू नका. हो किंवा नाही वदवून घ्या, आणि सभेच्या दिवशी कचेरीत येऊन उभे राहा.