वाघदेवापुढे एकटाच

आमचं गाव जंगलातून उठवलं त्याला बरीच वर्षं झाली. घरं गेली, विहीर बुजली. मोहाच्या झाडाखालचा वाघदेवाचा दगड तेवढा तिथंच राहिला. दरवर्षी पेरणीआधी आम्ही खामगावकडच्या नव्या वस्तीतून ट्रॅक्टर भरून पूजेला जायचो. पुढं ट्रॅक्टरची जीप झाली, मग दोन मोटारसायकली. मागची तीन वर्षं मी आणि थोरला भाऊ, दोघंच. यंदा भाऊ वारला, म्हणून एकटाच निघालो.

नाक्यावर वनरक्षक बाई होत्या, जालन्याकडच्या.

"बाकीचे कुठंयत, काका?"

"कोणी नाही. मीच."

"एकट्याला आत सोडता येत नाही. अस्वल फिरतंय."

"मले रस्ता पाठ हाय, बाई."

त्यांनी काठी घेतली. "चला, मीच येते."

शेंदूर लावला, नारळ फोडला. आमच्याकडं पूजा करणारा विचारतो आणि मागचे उत्तर देतात. सवयीनं मी ओरडलो, "पावला का देव?"

मागं कोणीच नव्हतं. भाऊ गेला तेव्हा माणसांच्या गर्दीत मी रडलो नव्हतो. तिथं मात्र खालीच बसलो.

बाई जरा लांब उभ्या होत्या, त्या जवळ आल्या. "काय म्हणायचं असतं?"

"पावला म्हणा."

"पावला," त्या हळूच म्हणाल्या.

"जोरानं म्हणा ना. देवाले आयकू गेलं पाह्यजे."

मग त्या अशा ओरडल्या की झाडावरची वानरं पळाली. आम्ही दोघंही हसलो.

नैवेद्य घरी न्यायचा नसतो, तिथंच संपवावा लागतो. बायकोनं नेहमीसारखे दोघांपुरते रोडगे अन् वांग्याची भाजी दिली होती. मी बाईंना बसवलं. त्यांनी रोडगा तुपात कुस्करला आणि मान खाली घालून खात राहिल्या.

"चार महिने झाले इथं येऊन," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा कुणासोबत जेवले."

"पुढच्या साली हायेच ना तुमी?"

"बदली मागितलीय, काका."

 मी उरलेला रोडगा त्यांच्या पानात वाढला.

फाट्यावर आलो तर परतीच्या बसला अजून तास-दीड तास होता. तेवढ्यात पुण्याला पोराला फोन लावला. "पुढच्या साली येतं का रे पूजेले?"

"पाहू बाबा," तो म्हणाला. "आत्ता कामात आहे."

"बरं," म्हटलं अन् फोन खिशात ठेवला. बस अजून दिसत नव्हती.