जळालेल्या बॉक्सचा नंबर

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारी बाई. त्यात माझं काम कॉम्प्युटरवरचं — क्रांती चौकाजवळच्या एका केबल ऑफिसात सेट-टॉप बॉक्स चालू-बंद करायचं. तिथं एक तर सिग्नल असतो, नाहीतर नसतो. तरी हे लिहितेय...

दुष्काळाची वर्षं होती. मुकुंदवाडीच्या पुढं नव्या कॉलन्या उठत होत्या. नळ यायच्या आधी आमची केबल पोचायची. चॅनल उघडायला लागतं ते कार्ड आमच्या बॉक्सना नव्हतं. चॅनल उघडायची किल्ली म्हणजे सॉफ्टवेअर, ते ऑफिसातून वायरीनंच बॉक्समध्ये उतरायचं. प्रत्येक बॉक्सची किल्ली वेगळी. चोरून कॉप्या होऊ नयेत म्हणून एका बॉक्सवरचं रेकॉर्डिंग दुसऱ्यावर चालायचं नाही.

मुकुंदवाडीच्या एका काकूंनी असंच एक रेकॉर्डिंग बॉक्सला लावलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवलं होतं. लोकल चॅनलवर त्यांचे मिस्टर पाण्याच्या टँकरबद्दल बोलले होते. पुढं दोन महिन्यांत काका वारले. त्यांचा आवाज घरात तेवढाच उरला. मग व्होल्टेज वाढून बॉक्स जळाला. आमचे लाइनमन रफिकभाई नवा बसवून आले आणि जुना त्यांनी ऑफिसच्या कपाटात ठेवला. मी जुनी किल्ली सिस्टिममधून काढून टाकली.

"काकू, ते रेकॉर्डिंग आता चालायचं नाही," मी फोनवर सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन. "अगं, चाललं की! हे बोलायलेत बघ."

कुणीतरी किल्ली चोरली, दुसरं काय? मी तडक त्यांच्या घरी गेले. सकाळचे अकरा वाजले होते. टीव्हीवर काका सांगत होते, "आठ दिस झालं, आमच्या गल्लीत टँकर नाय."

कॉपी कुठून झाली हे पकडायला आम्हाला बॉक्सचा नंबर स्क्रीनवर पाडता येतो. मी ऑफिसला फोन करून तो पाडायला लावला. कोपऱ्यात नंबर आला — जळालेल्या बॉक्सचा. टीव्हीखालचा बॉक्स उचलून उलटा करून पाहिला... खाली छापलेला नंबर नवा, सील शाबूत.

दोन्ही बॉक्स हाताळणारा माणूस एकच होता.

"रफिकभाई, जुन्या बॉक्समधून काय काढलंत?"

"मॅडम, बारा साल हुए साथ में. मेरे पे शक?"

"मग ते चालतंय कसं?"

"मेरेकू क्या मालूम!"

मी मालकांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून रफिकभाई आले नाहीत.

बॉक्सच्या कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं दोन्ही बॉक्स ऑफिसात उघडले. जुन्यातलं काही काढलेलं नव्हतं, नव्यात काही घातलेलं नव्हतं. नव्याला काकूंचा पेन ड्राइव्ह लावला तर स्क्रीन काळी. तोच बॉक्स मी परत काकूंकडं नेऊन जोडला... काका बोलायला लागले.

छावणी भागात रफिकभाईंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, पोरांची चौकशी केली. "जाने दो मॅडम," म्हणाले. पण कामावर काही परत आले नाहीत.

पुढं कंपनीनं तो बॉक्स जमा करायला सांगितला. काकूंनी मला दारातच विचारलं, "नेणार व्हय गं?"

"नाही," म्हटलं. रिपोर्टमध्ये लिहिलं — बॉक्स व्यवस्थित, तक्रार नाही.

ते रेकॉर्डिंग कसं चालतं, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं, की सिस्टिमवर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. रफिकभाईंवर मात्र लगेच घेतला.