रहिमतपूरच्या टांग्याचे फर्मे

दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षीच्या हिवाळ्यात सांगलीच्या आमच्या कारखान्याने रहिमतपूरचा बंद पडलेला टांग्यांचा कारखाना विकत घेतला. आम्ही मोटारींच्या आणि लॉऱ्यांच्या सांगाड्यांवर लाकडी बॉडी चढवत असू. पेट्रोल रेशनवर होते, नवे सांगाडे मिळत नव्हते. म्हणून मालकांनी टांगेही काढायचे ठरवले. रहिमतपूरच्या टांग्याचे नाव औंधापर्यंत होते.

विकत घेतलेल्या सामानाची यादी मी केली. भाता, ऐरण, चाकाभोवती लोखंडी धाव म्हणजे कडे चढवायचा दगडी ओटा, प्रत्येक भागाच्या मापाचे लाकडी नमुने म्हणजे फर्मे आणि नावाची पितळी पट्टी. ते टांगे घडवणारे म्हातारे मिस्त्री गावातच होते. त्यांना बोलवावे असे कोणी सुचवले नाही. मीही नाही.

मी लष्कराच्या वर्कशॉपात नकाशे काढायला शिकलो होतो. चाकाच्या आऱ्यांचा फर्मा मुळाशी किंचित कललेला दिसला. ओलीने लाकूड वाकडे झाले असावे असे समजून मी नकाशात रेघ सरळ केली. चाके सुरेख सपाट आली. पहिला टांगा चार माणसे घेऊन मिरजेच्या रस्त्याला लागला आणि पहिल्याच वळणावर उजवे चाक मोडून उताणे पडले. कोणाला लागले नाही. मालकांनी चाकांची आणखी एक जोडी करायला सांगितली. तीही मोडली तर फर्मे भट्टीत जाणार होते.

मी रहिमतपूरला गेलो. मिस्त्रींनी नकाशा पाहिला, तो काढायला मी कुठे शिकलो ते विचारले, मग फर्मा मागितला.

"आवं साहेब, ह्यो वाकडा झाला न्हाई. वाकडाच केलाय," ते म्हणाले. "लष्करात समदं सरळच चालतं व्हय?"

मी चूक कबूल केली. घोडा चालला की टांगा दोन्ही अंगांना रेटतो, सपाट चाकाला तो रेटा सोसत नाही, असे त्यांनी सांगितले.

"चाक बशीवानी पायजे. मग त्ये टेकू धरतं."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर सांगलीला आले. चार दिवसांत चाकांचे लाकूडकाम झाले. मग शेण्यांच्या जाळात धाव लाल केली. चाकापेक्षा ती थोडी लहान होती. तापून फुगली तशी तिघांनी चिमट्यांनी धरून बसवली. मिस्त्रींनी पाण्याची घागर ओतली. वाफेत धाव आवळत गेली आणि लाकूड कडकडू लागले. वाफ विरली तेव्हा सगळे सांधे मिटलेले होते आणि बाराही आरे एकाच मापाने बशीसारखे कललेले होते. मिस्त्रींनी मापाचा गजही लावला नाही. बोटाने एकेक आरा वाजवला; प्रत्येकाचा आवाज एकच आला. प्रत्येक कामाची वेळ मी वहीत टिपत असे. त्या पानावर धाव चढवल्याची वेळ नाही. बॉडीचे सुतार हातातली कामे टाकून ओट्याभोवती उभे होते.

नव्या जोडीचा टांगा पाच माणसे घेऊन मिरजेला गेला आणि परत आला. मी दोन्ही चाके तपासली. एकही आरा हलला नव्हता. संध्याकाळी फर्मे भिंतीवर टांगले.