तिसऱ्या अडथळ्यापाशी बसलेला माणूस

घोडीच्या नळीच्या हाडावर बांबू बसला की आवाज कोरडा येतो. तिथे मांस नसतंच, कातडं आणि लगेच हाड. झटका माझ्या कोपरापर्यंत परत यायचा. ती उडीत असताना, पुढचे पाय आडव्या बांबूवरून जात असताना, मी खाली गुडघ्यावर बसून तो बांबू वीतभर वर हाणायचो. काम एवढंच. घोड्याला वाटतं आपलाच पाय लागला, पुढच्या वेळी तो जास्त उचलतो. माणसाने मारलं हे त्याला कळत नाही, असं उस्ताद म्हणायचे आणि मी ते मानायचो.

उस्तादांची पागा सुरतेबाहेर, कामरेजच्या पुढे, हायवेवरून आत, उसाला लागून. मी तिथे साईस. खरारा, चारा, लीद, खोगीर चढवणं-उतरवणं, सगळं माझ्याकडे. सुरतेच्या मोठ्या घरांतली मुलं रविवारी तिथे शिकायला येतात आणि महिन्याआड त्यांची स्पर्धा असते. त्या स्पर्धेत उंच उडीला बक्षीस नाही. परीक्षक घोडा दिसतो कसा ते बघतो. चाल एकसारखी हवी, मान सैल, कान पुढे, उडीत दोन्ही गुडघे बरोबरीने छातीशी. सगळं कसं शांत दिसलं पाहिजे. ती शांतता आम्ही सकाळीच तयार करून ठेवायचो. लांब दोरीवर घोडा गोल गोल पळवायचा, अंगावर फेस येईपर्यंत. ज्याच्या अंगात फार मस्ती असेल त्याला आदल्या दिवशी पाणी कमी.

आमच्या लाल घोडीचे गुडघे लोंबायचे. बाकी ती सोनं होती. एका हिरेवाल्या शेठची बारा वर्षांची मुलगी तिच्यावर बसायची, मला काका म्हणायची. गुडघ्यांपायी दोनदा त्यांचे गुण गेले. तेव्हा उस्ताद म्हणाले, "इस इतवार को टांग नहीं उठाई तो बरातवाले को दे दूँगा. बँड के आगे नाचेगी."

वरातीची घोडी मी पाहिली होती. तोंडात काटेरी लगाम, फेसात मिसळलेलं रक्त, कानाशी फटाके.

मी म्हणालो, "उठाएगी, उस्ताद."

उस्तादांना नाही म्हणायची मला जीभच नव्हती. सातवीत शाळा सुटल्यावर मी खान्देशातून पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात आलो होतो. तिथे वाफेचा पाइप फुटला आणि शर्टाच्या बाहीबरोबर डाव्या हाताचं कातडं निघालं. ठेकेदाराने फाटकाबाहेर काढलं. हायवेने चालत असताना समोरून एक घोडा सुटून आला, ट्रक करकचून ब्रेक मारत होते. मी त्याचा दोर धरला, त्याच जळक्या हाताने. तीस-चाळीस पावलं त्याने मला फरफटत नेलं. मागून धापा टाकत उस्ताद आले. फौजेतून रिटायर झालेला माणूस, त्यांनी घोडा सोडून आधी माझा हात पाहिला. घोड्यांचं मलम वीस-एक दिवस रोज स्वतः लावलं. "अब हिनहिनाना मत," म्हणायचे. चाऱ्याच्या खोलीजवळ खाट दिली. अजूनही मला रोज सकाळी वाटतं, आज काढून टाकतील.

तर त्या आठवड्यात चार सकाळी मी बांबू मारला. पहिल्या दिवशी तिने पाय अर्धे उचलले. दुसऱ्या दिवशी नळीवर अंड्याएवढी सूज. मी दुपारी गार पाण्याची धार सोडायचो, हळद लावायचो आणि म्हणायचो, "चाल माय, दोन दिन राहिनात." चौथ्या सकाळी तिचे गुडघे हनुवटीला टेकले. उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला इतका आनंद झाला की एक गोष्ट दिसूनही मी ती सोडून दिली. रोज सकाळी माझ्या खांद्यावर डोकं ठेवणारी घोडी आता मी आलो की गव्हाणीच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी राहायची. दमली असेल, म्हटलं.

रविवारी मी तिच्या आयाळीच्या बारीक वेण्या घातल्या. अडथळ्यांना प्लास्टिकचं गवत, झेंडूच्या कुंड्या. प्रत्येक अडथळ्याला एक माणूस देतात, पडलेला बांबू परत चढवायला. मला तिसरा मिळाला. आम्हाला सांगितलेलं असतं, परीक्षकाच्या नजरेत यायचं नाही, खांबाशी गुडघ्यावर बसून राहायचं. मी बसलो. उजव्या खांबाशी, एक गुडघा जमिनीला, एक हात बांबूखाली. सवयीने.

मुलगी आत आली. पहिली उडी, दुसरी उडी, कोणी घड्याळ लावून मारावी तशी. मग वळून घोडी माझ्याकडे यायला लागली आणि तिचे कान बांबूवरून उचलले गेले आणि माझ्यावर आले.

मला कळलं. त्या क्षणी उठून पळायला हवं होतं. मला वाटलं, उठलो तर आणखी बुजेल. मी बसूनच राहिलो.

तिने फार लांबून उडी घेतली, माझ्यापासून तिरकी. छाती खांबावर आदळली. लाकूड फुटलं. मुलगी मानेवरून पुढे फेकली गेली आणि तुटलेल्या खांबावर पडली. तिचा हात कोपराखाली, जिथे वाकू नये तिथे वाकला होता. घोडी गुडघ्यांवर कोसळली, उठली, मुलीच्या डोक्याजवळून खूर गेला. वेण्यांना रक्त लागलं होतं, ते कुणाचं ते समजत नव्हतं. मुलगी रडली नाही. "काका, उसको पकडो," म्हणाली.

तिला दवाखान्यात नेलं. मी घोडी पागेत आणली. मागून उस्ताद लांब चाबूक घेऊन आले. पहिला फटका तिच्या फुटलेल्या छातीवर, दुसरा तोंडावर. ती भिंतीवर चढायला बघत होती, नाल दगडावर घसरून ठिणग्या उडत होत्या. शेठ मुलीला पत्नीबरोबर गाडीत बसवून मागे आले होते. दारातून म्हणाले, "मारी नाखो एने. इंजेक्शन दे दो."

मी मध्ये गेलो. तिसरा फटका माझ्या कानावर बसला, पाळी फाटली.

"उस्ताद, तिने मला पाहिलं," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो, हिंदी सुचली नाही. "चार दिवस मी तसाच बसायचो."

उस्तादांचा हात वरच राहिला. पण शेठना कळलं नव्हतं. "शुं कहे छे आ?"

मग मी सगळं हिंदीत सांगितलं. बांबू, नळी, सूज. माझं संपायच्या आत शेठनी थोबाडीत मारली, मग दुसरी, मग पोटात लाथ. मी हात वर केले नाहीत. मला ते बरोबरच वाटत होतं. मी लिदीत पडलो तेव्हा उस्ताद म्हणाले, "शेठ, इसको छोडो. बांबू मेरे हुकूम से उठा."

शेठनी हात खाली घेतला. "तो तुम को क्या मारूँ," म्हणाले आणि गेले.

उस्ताद पालथ्या बादलीवर बसले. चाबूक दोन्ही हातांनी गुंडाळत राहिले. माझ्या कानाला त्यांनीच टाके घातले, घोड्यांच्या सुईने. आईने गावाहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. "तुना कानले काय झायं रे?" मी म्हणालो, "दोरी लागनी, माय."

वरातवाला बुधवारी टेम्पो घेऊन आला. उस्तादांनी त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. मला एवढंच म्हणाले, "आज से तू जंप के पास नहीं दिखेगा." मला वाटलं होतं, निघून जा म्हणतील.

प्लास्टर निघाल्यावर मुलगी आली. बाप गाडीतच बसून राहिला. तिने मला विचारलं, "काका, आप मारते थे?"

"हां."

"और फिर मेरे साथ भेज दिया."

ती आता मला काका म्हणत नाही. खोगीर मात्र माझ्याकडूनच घेते.

मागच्या स्पर्धेत त्या दोघी पाचव्या आल्या. मी चाऱ्याच्या खोलीमागे उभा राहून खूर ऐकत होतो. तिसऱ्यापाशी आवाज थांबला आणि मी डोळे मिटले. मग चारही खूर पलीकडे पडले, पुन्हा तीच चाल. घोडीचे गुडघे आता परत लोंबतात, असं सगळे म्हणतात. मी पाहिलेलं नाही.