मामांनी मासळी सोडली

चर्चमध्ये बसून मासळीचा विचार करणारी माणसं आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. पण मासळीच्या ताटावर बसून देवाचा विचार करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमच्या मुलांचे मामा. रक्ताचं नातं काही नाही. आम्ही नवरा-बायको मूळचे नगरकडचे. शाळामास्तर म्हणून बदली होऊन मी रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या या गावात आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर एक धिप्पाड, टक्कल पडलेले गृहस्थ आमच्यासमोर येऊन उभे राहिले. "गुरुजी, म्हावरा खाता ना?" नाव नाही, गाव नाही, थेट हा प्रश्न. मी म्हणालो, "खातो की, कधीमधी." हे 'कधीमधी' ऐकून त्यांना माझ्या बाप्तिस्म्याचीच शंका आली असावी. संध्याकाळी ते पाटीभर मांदेली घेऊन दारात हजर झाले. माझी बायको ती मांदेली गरम पाण्यात धुवायला निघालेली पाहून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाय, सरक जरा," म्हणाले, आणि स्वतः विळीवर बसले. त्या संध्याकाळपासून ती त्यांची बहीण झाली, पुढे आमची मुलं भाचरं झाली आणि अख्खं घर त्यांना मामा म्हणायला लागलं.

मामा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे मेस्त्री. खाडीतली एकही होडी अशी नसेल जिच्या पोटात मामांचा हात गेला नाही. त्यामुळे त्यांचे कान कायम खाडीकडे लागलेले असत, अगदी मिस्सा चालू असतानाही. आमचा बाक खिडकीशेजारचा, आणि त्या बाकावर मामांच्या शेजारी बसणं म्हणजे भक्तीची परीक्षाच. सगळं चर्च गुडघ्यावर, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि तेवढ्यात लांबून एखाद्या होडीची धडधड आली की मामा डोळे मिटलेलेच ठेवून पुटपुटत, "मधल्या आळीतला नाखवा आला. नोझल गेलाय त्याचा." मग थोड्या वेळानं, "पन म्हावरा बरा गावलाय. होडी जड चालते." मी दटावलं तर म्हणत, "गुरुजी, येशूचा पेत्रूस कोन व्हता? म्हावरा पकडनाराच ना? त्याला राग न्हाय येनार." गाण्यात ते सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे असत. वाट बघणं त्यांना जमत नसे. पेटी वाजवणाऱ्या सिस्टरनी वीस वर्षं त्यांना मागे खेचायचा प्रयत्न केला आणि शेवटी सगळ्या गायकवृंदालाच अर्धी ओळ पुढे नेलं.

घरात मामी आणि चार मुली. चारही लग्न होऊन गेलेल्या. दोघी आखातात, एक वसईला, एक अलिबागला. मामांचा जीव या चौघींत इतका गुंतलेला, की रोज सकाळी बाजारातून आल्यावर ते आखातातल्या दोघींना फोन लावून आणलेली मासळी दाखवायचे. बांगडा फोनसमोर धरायचा, कल्ले उघडून लाल रंग दाखवायचा, "बघ, सकालचा हाय!" पलीकडून पोरगी म्हणायची, "पप्पा, तुमचं तोंड दाखवा ना." "माजं तोंड रोजचंच हाय गो," म्हणत मामा पापलेट उचलायचे. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी एकदा त्यांनी आखातातल्या धाकटीला घरबसल्या मिस्सा मिळावी म्हणून फोन उंच धरला. प्रवचन रंगात आलेलं असताना धाकटीनं तिकडे स्वयंपाकघरात मिक्सर लावला, आणि त्याचा घरघराट वेदीपर्यंत पोचला. फादर थांबले. मामांनी मागे वळून सगळ्यांना शांतपणे सांगितलं, "वाटन चाललंय."

पण मामांची खरी ख्याती ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातली. शुक्रवारी मटण वर्ज्य, मासळी चालते, हा नियम त्यांना आयुष्यभर पटला नाही. आमचे फादर घाटावरचे, तरुण. त्यांना मामांनी चर्चच्या आवारातच गाठलं. "फादर, ज्यानी हा कायदा केला त्याला मटन गोड लागत असंल. आमाला म्हावरा गोड. शुक्रवारी मी सुरमई खानार आनि त्याला त्याग म्हननार, तर देव काय येडा हाय?" फादर म्हणाले, "मग दोन्ही सोडा." मामांनी ते मनावर घेतलं. शुक्रवारी ते बटाट्याच्या भाजीवर राहत, आणि उरलेल्या दिवशी, राखेच्या बुधवारपासून थेट ईस्टरपर्यंत, मासळीला शिवत नसत. घरात मटण-कोंबडी शिजायची आणि ती मामा काढा प्यावा तशी गिळायचे. पाहुण्याला वाटावं, उपवासकाळात हा माणूस चैन करतोय. त्यांचे हाल फक्त आम्हाला ठाऊक. बाजारात मात्र रोज जायचे, टोपल्यांवरून नजर फिरवायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. "मोह बघितल्याबिगर सोडायचा कसा?" असं त्यांचं म्हणणं.

अशाच एका उपवासकाळात माझ्या बायकोच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचं कळलं. मुंबईला न्यायचं ठरलं. निघायच्या दिवशी मामा आले, गाडीच्या खिडकीत वाकले आणि म्हणाले, "बाय, ईस्टरला मी म्हावरा खानार न्हाय, आनि आजपास्नं मटन-कोंबडीबी बंद. तू घरी येशील, सवताच्या हातानं कालवन करशील, त्या दिवशी खाईन. तवर न्हाय." मामी मागून ओरडल्या, "अवो, ईस्टरला जावई येनार हायेत!" "त्यांना वाढ," मामा म्हणाले.

शस्त्रक्रिया नीट झाली. ईस्टरनंतर आठवड्यानं मी तिला घरी आणलं. पण जी घरी आली ती माझी बायको नव्हतीच. छातीवरची जखम भरली, डॉक्टरांनी हळूहळू हिंडायला-फिरायला सांगितलं, तरी ती पलंग सोडीना. जरा उभी राहिली की म्हणायची, "धडधडतंय." ओट्याशी तर जातच नव्हती. मुलं शहरांत, मी शाळेत. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी समजावलं, रागावलो, एकदा मोरीत जाऊन रडलोही. मला वाटायला लागलं होतं की डॉक्टरांनी झडप वाचवली आणि बाई हातची गेली.

मामा रोज संध्याकाळी यायचे. तिला धीर द्यायचे असं कुणाला वाटेल, छे! ते पलंगाशी खुर्ची ओढून आपलंच गाऱ्हाणं सांगायचे. "आज पडवल व्हता, बाय. पडवल! काल भोपला." ईस्टर होऊन गेला तरी ते अजून भाज्यांवरच होते. ईस्टरला जावयांनी पापलेटं संपवली तेव्हा हे ताटातल्या बटाट्याशी बोलत बसले होते, असं मामींनी सांगितलं. आंब्याचे दिवस संपले, पाऊस लागला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, खाडीत जिताडा मिळायला लागला. जिताडा म्हणजे मामांचा जीव. ते तिला जिताड्याचं वर्णन ऐकवायचे, कुठल्या बांधावर मिळाला, केवढा, कुणी नेला. विजार सैल झाली म्हणून सुतळी बांधलेली दाखवायचे. एकदा तिनं चिडून म्हटलं, "मामा, खा हो एकदाचे! माझ्या गळ्यात कशाला टाकता?" मामा म्हणाले, "मी देवाला शब्द दिलाय. तुला न्हाय." आणि तसेच बसून राहिले. हा नवस नव्हता, तगादा होता, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

श्रावणातल्या एका सकाळी मी शाळेत निघालो होतो. आतून आवाज आला, "त्या माणसाला म्हणावं, आणा तुमचा जिताडा." मी शाळेत रजा कळवली.

मामा भिजत आले, हातात पानात गुंडाळलेला जिताडा. मामींनी खोबरं खवून दिलं, बाकी सगळं बायकोनं स्टुलावर बसून केलं. मधेच थांबून छातीला हात लावत होती, पण उठली नाही. ताट वाढल्यावर मामांनी क्रुसाची खूण केली आणि पहिला घास घेतला. मीही घेतला. मीठ दुप्पट पडलं होतं. घातल्याचं विसरून तिनं पुन्हा घातलं असणार. तो घास गिळणंही कठीण होतं. मी मामांकडे पाहिलं. फोडणी जरा करपली तर स्वतःच्या सासूला ताट परत करणारा हा माणूस! पाच-सहा महिन्यांनी मासळी खात होता. त्यांनी ताट चाटूनपुसून संपवलं, पुढे केलं आणि म्हणाले, "झकास झालाय. आनि वाढ." तिनं वाढलं. तेही त्यांनी संपवलं, वर तांब्याभर पाणी प्यायले.

त्या शनिवारी मामा पापनिवेदनाच्या रांगेत दिसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय केलंत?" "म्हावऱ्याबद्दल खोटं बोललो, गुरुजी. जन्मात पयल्यांदा." "मग फादर काय म्हणाले?" "म्हनाले, परत वेल आली तर परत बोला."

तशी वेळ आली नाही. बायकोचा हात पुन्हा बसला आणि मामा पूर्वीसारखे तिच्या कालवणात खोड काढायला लागले. गेल्या थंडीत एका पहाटे ते झोपेतच गेले. चारही मुली आल्या. त्या दिवशी खाडीतल्या कुठल्याच नाखव्यानं इंजिन चालू केलं नाही, आणि चर्चमध्ये इतकं शांत होतं की मला ते सहन होईना.

मामांच्या महिन्याच्या मिस्सेवरून परत येताना बायको रस्त्यात थांबली. म्हणाली, "ते पहिलं कालवण फार खारट झालं होतं."

मी चमकलो. "तुला कुणी सांगितलं?"

"दुसऱ्यांदा वाढताना बोटाला लागलं, चाखलं. आणि वर बघितलं तर मामा खाली मान घालून खात होते." ती पुन्हा चालायला लागली. मग म्हणाली, "तोवर मला जगायचं की नाही, ते ठरत नव्हतं."