खाणवस्तीपुढचं शून्य

तक्तेमास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. आरोग्य खात्याच्या नोंदणी शाखेतले ते साधे कारकून, पण सव्वीस वर्षं जन्म-मृत्यूचे तक्ते इतके सुबक भरले की कचेरीने त्यांचं नावच तसं पाडलं. माणूस शिस्तीचा, हट्टी आणि तोंडाने फटकळ. त्या फटकळ तोंडानेच त्यांचा घात केला होता.

त्यांची धाकटी बहीण दगडखाणीपलीकडच्या वस्तीत दिलेली. नवरा खाणीतच कामाला. अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच बाळंतपणात ती गेली, मुलगी तेवढी वाचली. नवऱ्याने तिला दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तिला पोचवून सगळे परतत असताना मास्तर चारचौघांत मेहुण्याला म्हणाले, "तूच मारलंस तिला. घरी बसून राहिलास." मेहुणा काहीतरी सांगू लागला, तर यांनी पाठ फिरवली. ती फिरवली ती फिरवलीच.

भाची आता अकराची झाली असणार. तिला एकदा डोळे भरून बघावं म्हणून मास्तरांचा जीव तुटायचा. शाळा सुटायच्या वेळी कचेरीखालून मुलींचा घोळका गेला की हे पेन ठेवून खिडकीशी उभे. त्यातली एखादी धाकटीसारखी मान तिरकी करून हसते का बघायचे. खाणवस्तीतल्या मुली या शाळेत येत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी बघायचे. बायको म्हणायची, अहो, सरळ उठा आणि जा ना. पण जायचं कोणत्या तोंडाने? मेहुण्याची चूक नव्हती म्हणावं तर ते मनाला पटत नव्हतं, आणि होती म्हणावं तर त्याच्या दारात पाय कसा ठेवायचा?

त्या साली कचेरीत तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. नुसती माहिती गोळा करून वर पाठवू नका, ती वाचायला शिका, असा वरून हुकूम. शिकवायला आलेल्या बाई चष्मेवाल्या, बारक्या आवाजाच्या. कारकून मंडळींनी तोंडं वाकडी केली. आम्हाला आता आकडे वाचायला शिकवणार काय, वगैरे. बाईंनी त्यांना विचारलं, घरातल्या सगळ्यांच्या पायांचं सरासरी माप काढून त्याच मापाच्या चपला सगळ्यांना घेतल्या तर काय होईल? मागून कुणीतरी म्हणालं, बायको त्याच चपलेने मारेल. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, तुमच्या तक्त्यांत तुम्ही हेच करताय.

सरासरीचं मास्तरांना लगेच पटलं. घोडं पुढे अडलं. बाईंनी वस्तीवार तक्ता मागवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. खाणवस्ती, बाळंतपणातले मृत्यू, शून्य. गेली बारा वर्षं शून्य. कचेरीचे साहेब कौतुकाने म्हणाले, दगड फोडणारी माणसं, काटक असतात. वस्तीला नर्सची जागा मिळत नव्हती ती या शून्यामुळेच.

बाईंनी मास्तरांना विचारलं, मृत्यूची नोंद कुठल्या भागात करता? मास्तर म्हणाले, जिथे माणूस जातं तिथे, तसा नियमच आहे. म्हणजे दवाखान्यात दगावलेली बाई बाजारपेठेच्या खात्यात, कारण दवाखाना बाजारपेठेत. हे बोलता बोलता मास्तर थांबले. धाकटीची नोंद त्यांनी स्वतः केली होती, नेहमीच्या वळणदार अक्षरात. बाजारपेठ. खाणवस्तीपुढचं शून्य त्यांच्याच हातचं होतं आणि अकरा वर्षांत एकदाही त्यांना ते खटकलं नव्हतं.

मग मास्तर झपाटल्यासारखे कामाला लागले. दवाखान्याच्या अडगळीतून बारा वर्षांचे केसपेपर काढले, धूळ झटकली, गेलेल्या प्रत्येक बाईचं राहतं घर शोधलं. खाणवस्तीच्या चौदा निघाल्या. बाईंच्या सांगण्यावरून आणखी एक रकाना काढला: वेणा सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत किती वेळ लागला. बाजारपेठेतल्या बायकांना एक तास, दीड तास. खाणवस्तीच्या बायकांना सात, नऊ, आठ, साडेसात. ते साडेसात धाकटीचे होते.

मास्तरांनी त्या रकान्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. एक नवरा निष्काळजी असू शकतो. चौदाच्या चौदा नवरे घरी हात बांधून बसले होते, असं कुठलंही गणित सांगत नाही. अकरा वर्षं आपण एका निर्दोष माणसावर डूख धरला हे त्यांना कळलं.

उशीर का झाला हे मात्र कागदावर नव्हतं. बाई म्हणाल्या, ते घरोघर जाऊनच विचारावं लागेल. मास्तरांनी खाणवस्ती मागून घेतली. बायको म्हणाली, जायचंय तर मामा म्हणून जा की, कारकून म्हणून कशाला? मास्तरांनी छापील फॉर्म पिशवीत घातले. फॉर्म नसते तर त्यांचं पाऊल उचललं नसतं.

तेरा घरं झाली. चौदाव्या घराचं दार एका मुलीने उघडलं. कपाळ धाकटीचं, हनुवटी धाकटीची. मास्तरांना कागदावरची अक्षरं दिसेनात, पण प्रश्न पाठ होता.

"या घरातलं कुणी बाळंतपणात गेलंय का?"

"हो," मुलगी म्हणाली. "माझी आई."

पुढचा प्रश्न, गेली तेव्हा तिचं वय किती. मुलगी मनातल्या मनात हिशेब करायला लागली, तोवर मास्तरांनी तेवीस लिहूनही टाकलं.

"तुम्हाला कसं माहीत?" तिने विचारलं.

आतून मेहुणा बाहेर आला. केस पार पिकलेले. त्याने मास्तरांकडे पाहिलं, हातातल्या फॉर्मकडे पाहिलं.

"त्यांना माहीत असणारच," तो मुलीला म्हणाला. "मामा आहेत तुझे."

मुलगी टक लावून बघत राहिली. मास्तरांना वाटलं, फॉर्म टाकून द्यावा आणि तिला जवळ घ्यावं. पण शेवटचा रकाना रिकामा होता आणि तो विचारल्याशिवाय त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा हक्क नव्हता. त्यांनी कसाबसा विचारला. उशीर कशामुळे झाला?

मेहुणा उंबऱ्यावर बसला. पहाटे वेणा सुरू झाल्या होत्या, तो सांगू लागला. निरोप गेला, पण रुग्णवाहिका खाणीच्या वजनकाट्यापर्यंतच येते. पुढचा रस्ता खाणीच्या मालकीचा. तिला खाटेवर घालून चौघांनी काट्यापर्यंत नेलं, तोवर गाडी वाट बघून निघून गेली होती. मग त्याने मान वर करून मास्तरांकडे पाहिलं.

"त्या दिवशीही हेच सांगत होतो," तो म्हणाला.

"मी ऐकलं नाही," मास्तर म्हणाले आणि त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. "आता सांग. पहिल्यापासून सांग, मी सगळं लिहून घेतो."